लाल रेघ सरकली

"मास्तर, माझ्या दुकानाला कुलूप लावायला पोलीस आलेत," हेल्का फोनवर म्हणाली. "ओस्मोच्या रायफलचा सायलेन्सर फुटला. मी बसवलेलं माउंट सैल झालं, असं म्हणतात."

"ओस्मोला कितपत लागलंय?"

"गाल कापलाय. डोळा थोडक्यात वाचला."

"आणि तू ते खरंच सैल बसवलं होतंस?"

"तुम्हीसुद्धा विचारताय?"

"सगळ्यांनाच विचारणार आहे, पोरी. तुझा नंबर पहिला लागला इतकंच."

तौनो केर्विनेन यांनी गावच्या शाळेत चाळीस वर्षं धातुकाम शिकवलं होतं. हेल्का त्यांची विद्यार्थिनी. आता पाच गावांत बंदुका दुरुस्त करणारी तीच एकटी. दुपारी दोनपर्यंत कॉन्स्टेबल सायमी लेप्पा अहवालावर सही करणार होती. तो अहवाल हेल्काच्या विरुद्ध गेला, तर तिचा परवाना कायमचा जाणार होता.

मास्तर दुकानात शिरले, तेव्हा पावणेबारा वाजले होते.

टेबलावर रायफल होती आणि शेजारी फाटका सायलेन्सर. कोपऱ्यातल्या खुर्चीत ओस्मो वातानेन गालाला पट्टी बांधून बसला होता. बाकावर वेइयो कार्तुनेन टोपी चुरगाळत होता. शिकारी मंडळाच्या झोपडीवर स्वयंपाक करायचा तो. दोघंही मास्तरांच्याच हाताखाली शिकलेले.

"रायफल सापडली तशीच ठेवलीय," सायमी म्हणाली. "ही रेघ बघा, मास्तर."

नळीच्या टोकाशी अंगठ्याच्या पेराएवढी पोलादी बैठक होती. तेच माउंट. सायलेन्सर त्याच्यावर चढतो. माउंट आवळून झालं की हेल्का नळी आणि माउंट या दोन्हींवरून एकच लाल रेघ ओढत असे. माउंट जरा फिरलं, तरी रेघ मध्येच तुटलेली दिसते. आता तिचे दोन तुकडे नखभर लांब सरकले होते.

मास्तरांनी चष्मा पुसून सायलेन्सर उचलला. टोकाच्या भोकाशी पत्रा फाटला होता. फाटलेल्या कडा आत वळल्या होत्या. त्यांनी तो खाली ठेवला आणि नळीवर बोट फिरवलं. तेलकट नळीवर एका जागी फिकट आडव्या रेषांचा पट्टा उमटला होता. कागदासारखा पांढरा एक कपचाही चिकटला होता.

"बर्चच्या झाडाची साल," सायमी म्हणाली. "झोपडीतली शेगडी सालीनेच पेटवतात. तिथलीच असणार."

"असेल," मास्तर म्हणाले. "हेल्का, माउंट कसं बसवलंस?"

"आटे स्पिरिटने पुसून कोरडे केले. नळीच्या खांद्याला, म्हणजे आट्यांमागच्या कडेला, घट्ट टेकेपर्यंत माउंट फिरवलं. मग टॉर्क पान्याने ठरलेल्या जोरापर्यंत आवळलं. रेघ ओढली."

"नळी शिकंज्यात धरलीस कशी?"

"चामडं लावलेल्या लाकडी ठोकळ्यांत. तुमची जुनी पद्धत सोडली मी. राग मानू नका."

"राग कसला? ठोकळे बरेच." मास्तर वळले. "ओस्मो, हे कधी घडलं?"

"आज सकाळी. घरामागच्या वाळूच्या खड्ड्यात तीन गोळ्या झाडल्या. दोन नीट गेल्या. तिसरीला सायलेन्सर फुटला, तुकडा गालात."

"सोबत कोण होतं?"

"कोणी नाही."

"त्याआधी रायफल कुठे होती?"

"काल पावसात भिजली होती. सगळ्यांनी झोपडीतल्या शेगडीजवळ वाळत ठेवल्या, मीही ठेवली. तिथे वेइयो होता. तो माझ्या नावाने दात खातोच."

"माउंट तू कधी काढलं होतंस?"

"मी? त्याला मी बोटसुद्धा लावलं नाही. ते कारागिराचं काम."

मास्तरांनी मान डोलावली. "वेइयो, तू दात का खातोस?"

"हे तुम्हाला ठाऊक नाही होय?" वेइयो टोपीकडे बघतच बोलला. "दोन वर्षांपूर्वी धुक्यात समोर काय आहे ते न बघता यानं गोळी झाडली. माझा रिप्पे गेला. नऊ वर्षं मूस हरणांच्या मागे धावलेला कुत्रा. हा म्हणाला, रायफलचा नेम चुकला. मग हेल्कानं रायफल तपासून लिहून दिलं, 'हत्यारात दोष नाही.' याचं मंडळाचं प्रमुखपद गेलं."

"बदला घ्यावासा वाटला?"

"रोज वाटतो."

"काल घेतलास?"

"काल मी सूप ढवळत होतो. घ्यायचा असता, तर याच्या तोंडावर घेतला असता. चोरून पेच सैल करायला मी काय उंदीर आहे?"

ओस्मो हसला आणि गाल दुखला म्हणून थांबला.

सायमीने घड्याळ पाहिलं. "मास्तर, कोणाचाही राग असो, रेघ सरकलीय. हेल्काने सैल बसवलं, नाहीतर वेइयोने सैल केलं. मला एकाचं नाव लिहावं लागेल."

"लिही की. आधी ते माउंट काढ. फिरेल हातानेच."

सायमीने हातमोजे चढवले. माउंट सहज निघालं. मास्तरांनी पांढरं फडकं तिच्याकडे सरकवलं. "आटे पूस. खांदाही पूस."

तिने पुसलं. फडकं होतं तसंच पांढरं राहिलं. माउंटखालचा खांदा नव्या नाण्यासारखा चकाकत होता.

"आता नळीच्या तोंडात पूस."

या वेळी फडक्यावर काळा डाग पडला.

मास्तर बाकावर बसले. सातवीच्या वर्गात बोलायचे, तसे सावकाश बोलू लागले.

"गोळी सुटते तेव्हा मागून जळता वायू येतो. केसाएवढी फट मिळाली तरी तो आत घुसतो आणि काजळी सोडून जातो. तीन गोळ्या झाल्या हे नळीचं तोंड सांगतंय. माउंट सैल असतं, तर खांदा आणि आटे काळे झाले असते. ते स्वच्छ आहेत. म्हणजे शेवटची गोळी सुटली तेव्हाही हेल्काचं माउंट घट्टच होतं. ते नंतर सैल केलं."

"नंतर कोणीतरी पुसलं असेल," ओस्मो म्हणाला.

"पुसायला आधी काढावं लागतं. तू तर बोट लावलं नाहीस, आणि गोळ्या झाडल्यापासून रायफल तुझ्याचकडे होती."

ओस्मोने गालावरची पट्टी चाचपली.

"आता हा सायलेन्सर. गोळी आतून बाहेर जाते. पत्रा फाडलाच, तर कडा बाहेर वळतील. या आत वळल्यात. याच्यात बाहेरून काहीतरी ठोकलंय."

"आणि गाल?" सायमीने विचारलं.

"गाल कापायला पत्र्याचा तुकडा पुरतो. द्वेष तेवढा पाहिजे."

मास्तरांनी नळीवरच्या फिकट पट्ट्यावर बोट ठेवलं.

"शेगडीजवळचा कपचा चिकटला, तर एका जागी चिकटेल. हा पट्टा नळीभोवती पूर्ण फिरलाय. साल गुंडाळून शिकंजा आवळला की तिच्यावरच्या रेषा अशा तेलात उमटतात. गोल वस्तू शिकंज्यात धरायची, तर आधी बर्चची साल गुंडाळा म्हणजे ओरखडा पडत नाही. हे कोणी शिकवलं होतं, ओस्मो?"

ओस्मोने मान खाली घातली.

"तुम्ही," तो म्हणाला.

हेल्का त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "डोळा गेला असता तुझा."

"चाललं असतं." त्याने वर पाहिलं. "तीन शब्द लिहिलेस तू. हत्यारात दोष नाही. त्या तीन शब्दांनी सगळ्या गावासमोर मला नागडं केलं. दोन वर्षं कोणी माझ्यासोबत कॉफी घेतली नाही. मला एकदाच हत्यारात दोष दाखवायचा होता. तुझ्या हातचा दोष."

"त्या दिवशी 'चुकलो' म्हणाला असतास, तर मीच तुला कॉफी दिली असती," वेइयो म्हणाला. त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला.

मास्तर काठी टेकून उठले आणि पुन्हा एकदा नळीवरून अंगठा फिरवला.

"साल मात्र छान गुंडाळली होतीस. एक ओरखडा नाही. सातवीत तुझाच हात सगळ्यात साफ होता."

तोपर्यंत ताठ बसलेल्या ओस्मोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

सायमीने पेन उघडलं. "तपासणीचा निष्कर्ष काय लिहू?"

मास्तरांनी हेल्काकडे पाहिलं. असाच एक निष्कर्ष तिने दोन वर्षांपूर्वी लिहिला होता. आज तिने तो तोंडी सांगितला.

"लिहा. हत्यारात दोष नाही."