पुसटराव आणि दोन खुर्च्या

प्रेमाचा पाया विश्वास असतो, असं सगळे विचारवंत एकमुखाने सांगतात. त्यांच्यापैकी कोणी वेधशाळेत नोकरी केलेली नसावी. तिथे विश्वास ठेवण्याचा पगार मिळत नाही, शंका घेण्याचा मिळतो.

आमची नायिका हा पगार इमानेइतबारे घेत होती. वेधशाळेच्या पहिल्या मजल्यावर बसून ती दुर्बिणीने काढलेले फोटो पाहायची, तारे जागच्या जागी आहेत याची खात्री करायची आणि एखादा ठिपका जागचा हललेला दिसला की त्याची कक्षा काढायची. म्हणून सगळे तिला कक्षाबाई म्हणत. अलीकडेच तिला असा एक ठिपका सापडला होता. अतिशय फिका, कडेने किंचित विस्कटलेला, आणि कक्षा लांबुळकी, धूमकेतूची असते तशी. तिने त्याला पुसटराव म्हणायला सुरुवात केली. खरं नाव पुढे मिळणार होतं. धूमकेतू ठरला तर शोधणाऱ्याचं, म्हणजे तिचं. साधा दगड ठरला तर नुसता क्रमांक.

एका ढगाळ दुपारी ती जेवून परत आली, तर तिच्या खुर्चीत एक परका माणूस बसलेला. तिच्याच कपातून चहा पीत, तिच्याच पुसटरावांकडे टक लावून.

"हा कप तुमचा का?" तो दचकला. "नाव नव्हतं त्याच्यावर."

"खुर्चीवरही नाही. म्हणून बसलात?"

"साहेबांनी पाठवलंय, तळमजल्यावरून. याचा उजेड मोजायला."

"यांचा," ती म्हणाली. "राव आहेत ते."

तो उठला, पडद्यावरच्या ठिपक्याला वाकून नमस्कार केला आणि कप विसळायला घेऊन गेला. ती हसली नाही. पण हसू ओठांपर्यंत आलं होतं… आणि याचाच तिला पहिला संशय आला.

त्याला सगळे प्रतवाला म्हणत. ताऱ्यांचा उजेड 'प्रती'त मोजतात. आकडा जेवढा मोठा, तेवढा उजेड कमी. पदांचंही तसंच असतं, पण तो विषय वेगळा. मोजायची पद्धत सोपी आहे. फोटोत ठिपक्याच्या शेजारचा एक तारा धरायचा, ज्याचा उजेड कायम असतो, आणि त्याच्याशी ठिपक्याची तुलना करायची. पुसटराव इतके सावकाश चालत होते की शेजारी बरेच दिवस तोच तारा राहिला.

प्रतवाल्याला तिच्या बाजूची खोली मिळाली. रोज दुपारी तो दारात उभा राही. कपाळावर केसांची एक बट, आणि चेहऱ्यावर जरा जास्तच आनंद.

"आज आणखी उजळलेत!"

"रोज कसे उजळतात?"

"सूर्याजवळ येतायत ना. ऊब लागली की धूमकेतू धूळ सोडतात, उजेड वाढतो."

"माझ्यासाठी मुद्दाम वाढवत नाही ना?"

"तुमच्यासाठी मी… नाही. आकड्यांना हात लावत नाही मी." तो थांबला. "इतर काही सांगा."

तिने इतर काही सांगितलं नाही. घरी जाऊन आत्याला सांगितलं.

आत्याने सारी हयात बँकेत सह्या ताडून पाहण्यात घालवली होती. तिचा देवावरही विश्वास होता, पण पडताळणीनंतर.

"तुझ्या खोलीत येतो का गं तो, तू नसताना?"

"कशावरून?"

"कशावरून ते तू बघ. मी नुसतं विचारलं."

दुसऱ्या दिवशी जेवून आल्यावर कक्षाबाई खुर्चीत बसली आणि तिचे पाय जमिनीला टेकले नाहीत. कोणीतरी खुर्ची वर केली होती. प्रतवाला उंच होता. परवाही पाय लोंबकळले होते, हे तिला आता आठवलं.

"तुझं काम तो चोरून तपासतोय," आत्याने निकाल दिला. "अशा माणसाला एकतर तुझी नोकरी हवी असते, नाहीतर तू."

"यातलं कुठलं?"

"ते सहीवरून कळत नाही."

मग कक्षाबाईनेही तेच केलं. तो जेवायला गेला की त्याच्या खोलीत जायची, त्याची उंच खुर्ची खाली घ्यायची आणि त्याचे आकडे पहिल्यापासून मोजायची. आकडे चोख होते. पण एकदा तिने तुलनेला दुसरा तारा धरून पाहिला, आणि पुसटराव उजळायचे थांबले. उजळत ते नव्हतेच. त्यांच्या शेजारचा तो तारा हळूहळू मंदावत होता. पुसटरावांची कडही आता नीटनेटकी दिसत होती. सापडले तेव्हा त्यांच्या मागे एक फिकी दीर्घिका होती, विस्कटलेपणा तिचा होता, आणि आता ते तिच्यावरून पुढे सरकले होते.

म्हणजे दगड.

हे लगेच सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नाही. सांगितलं तर धूमकेतू जाणार, आणि धूमकेतूबरोबर तिचं नाव. शिवाय काम संपल्यावर प्रतवाला परत तळमजल्यावर. यातलं कोणतं कारण जास्त जड आहे, हे तिने मनाशी तोलून पाहिलं. उत्तर तिला मुळीच आवडलं नाही.

शुक्रवारी साहेब बातमी जगाला कळवणार होते. दोघं त्यांच्या दाराबाहेर, अरुंद बाकावर. खिडकीवर पावसाची भुरभुर, मध्ये दोघांच्या कोपरांपुरतं अंतर…

"एक विचारू?" ती म्हणाली. "माझी खुर्ची रोज उंच कशी होते?"

"जशी माझी बुटकी होते, तशीच."

तिचे कान तापले.

"तुमची कक्षा पुन्हा काढून बघत होतो," तो खिडकीकडे पाहत म्हणाला. "चूक सापडली असती, तर सांगायला तुमच्याकडे येऊन बसता आलं असतं."

"सापडली?"

"एकही नाही. फार गैरसोय झाली."

आता हसू ओठांच्या बाहेर आलं. ते आत घेता घेता ती म्हणाली, "तुमचा तो तारा—"

"तो तारा—" तोही त्याच वेळी म्हणाला.

आतून साहेबांच्या खोकल्याचा आवाज.

"केव्हा कळलं तुम्हाला?"

"सोमवारी. तुम्हाला?"

"मंगळवारी."

"म्हणजे मी एक दिवस जास्त खोटारडा." त्याने मान खाली घातली. "तुमचं नाव जाणार होतं. आणि मला खाली जायचं नव्हतं… कारण वर तुम्ही होतात."

दार उघडलं. "काय, धूमकेतू म्हणून कळवू ना?" साहेबांनी विचारलं.

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. आता गप्प राहिली असती, तर तोही राहिला असता. एवढा एकच विश्वास तिला वाटला, आणि त्याचीच भीती वाटली.

"नाही, साहेब. दगड आहे."

"चूक माझी," प्रतवाला म्हणाला. "मी धरलेला तारा मंदावतोय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं झालं आधीच सांगितलंत. मग तुम्ही आता खाली जा."

"नाही जाता येणार," कक्षाबाई म्हणाली. "उजेड पहिल्यापासून मोजावा लागेल. मी शेजारी बसून तपासेन."

"किती दिवस लागतील?"

"फार फिका आहे, साहेब," दोघं एकदम म्हणाले.

साहेब संशयाने पाहत आत गेले. बाकावरचं अंतर राहिलं नव्हतं.

"माझ्यावर विश्वास आहे?" त्याने हळूच विचारलं.

"अजिबात नाही. तुमचा?"

"नाही. चहा घेऊ या?"

"माझा कप मीच घेणार."

पुढे लग्न झालं. नोंदणीच्या कागदावरची त्याची सही आत्याने उजेडात धरून दोनदा पाहिली आणि खरी असल्याचा निर्वाळा दिला.

पुसटरावांना क्रमांक मिळाला. तो दोघांपैकी एकालाही पाठ नाही.