तिसरी वडी

नवऱ्याने शेवटच्या दिवशी ओतलेल्या तीन ओल्या वड्या स्पिरिटच्या बरणीत उरल्या होत्या. भट्ट्यांच्या अस्तरासाठी सच्छिद्र, धुरासारखं हलकं सिरॅमिक बनवायचं हे दोघांचं काम. तो ओतायचा, ती वाळवायची. साच्यावर ओणवून तो फुंकरीने बुडबुडे घालवायचा आणि तसाच बोलत राहायचा. त्या दिवशी भांडण झालं, ती दार आपटून निघाली, तेव्हाही तो साच्यांवर वाकून काहीतरी म्हणाला. तिने ऐकलं नाही. दुपारी त्याचं हृदय बंद पडलं. ते न ऐकलेलं वाक्य तीन महिने तिचं काळीज कुरतडत होतं.

पहिली वडी तिने उघड्यावर वाळवली. स्पिरिट उडालं तशी ती आकसून तिसऱ्या हिश्शावर आली आणि तडकली. तडकताना लहान पोराचा असावा तसा चिरका आवाज आला. "तू..."

"मामा, काही म्हणालात?"

"मी कशाला म्हणू? इथं माझं ऐकतं कोण!" भांडी विसळत प्रयोगशाळेतले मामा हसले.

दुसरी तिने स्पिरिट काढून पाण्यात मुरवली आणि गोठवून वाळवली. आकार राहिला, पण बर्फाच्या सुयांनी आतून चाळण केली होती. उचलताच भुगा झाला. भुग्यातून त्याचाच भरड आवाज, तुटक. "तू... नकोस."

मामांच्या हातून बरणी सुटली. "बाई, गेलेल्या माणसाचं काम अर्धंच राहू द्यावं."

तिने ऐकलं नाही. तिसरी दाबाच्या टाकीत ठेवली. स्पिरिटची जागा कार्बन डायऑक्साइडला दिली आणि तो वायू मुंगीच्या पावलाने सोडत राहिली. घाई केली की वडी फुटते. "उतावळा नवरा मी, आणि गुडघ्याला बाशिंग तुझ्या!" तो चिडवायचा. दिवसभर आणि रात्रभर जीव टांगणीला लावून ती झडपेपाशी बसली.

सकाळी वडी निघाली. एकही तडा नाही. नेहमीप्रमाणे तिने ती तराजूवर ठेवली आणि कान जवळ नेला.

"तू जाऊ नकोस."

तिला रडू फुटलं. "नाही रे जात."

खिडक्या बंद होत्या. पंखाही बंद होता.

कानामागची सुटलेली बट हळूच वडीकडे ओढली गेली आणि तशीच ताणून राहिली.

"बाई?" मामांनी दारातून हाक मारली.

ओ द्यायला तिने तोंड उघडलं. आवाज बाहेर पडण्याआधीच श्वासासकट वडीत ओढला गेला.

तराजूवरचा आकडा चढू लागला होता.