नात्याचा रकाना

पहिल्याच भेटीत मी त्याला मैदानाबाहेर काढलं.

तो गोलरक्षक, मी फुटबॉलची पंच. समोरचा खेळाडू एकटाच चेंडू घेऊन आला आणि यानं झेपावून त्याचा पाय ओढला. मी शिट्टी फुंकून लाल कार्ड दाखवलं. त्यानं हातमोजे काढले, माझ्याकडे एकदाच पाहिलं... आणि मुकाट्यानं निघून गेला.

प्रेक्षक मात्र पेटले. "बाईला काय कळतं यातलं? घरी जाऊन कुकरच्या शिट्ट्या मोज म्हणावं."

त्याचा संघ हरला. संघानं माझ्याविरुद्ध तक्रार केली, आणि फुटबॉल संघटनेच्या चिटणीसांनी सांगितलं, धावण्याची चाचणी पुन्हा द्या, तोवर सामने नाहीत.

घरी आई म्हणाली, "शेजारीण विचारत होती, तुमची मुलगी पुरुषांमागे काय धावते?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, अजून एकही तिच्या पुढे गेलेला नाही."

मी रोज पहाटे मैदानावर धावायला लागले. एकदा भुरभुर पावसात मागून पावलं वाजली. तोच होता.

"सोबत धावलो तर चालेल?"

"तुम्हाला सराव नाही का संघाचा?"

"संघात जागाच नाही. तक्रारीवर सही केली नाही ना मी."

मी थांबले. "का नाही केली?"

"पाय मी ओढला होता. तुम्ही बघितलंत." त्यानं कपाळावरचं पाणी पुसलं. "बाकीच्यांनीही बघितलं होतं, पण..."

त्या दिवसापासून आम्ही रोज धावायला लागलो. आठवडाभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. धावता धावता तो माझी उजळणी घ्यायचा.

"गोलरक्षकानं चेंडू हातात किती वेळ धरावा?"

"नियमात आहे तेवढाच."

"आणि पंचानं गोलरक्षकाकडे किती वेळ बघावं?"

"कामापुरतं."

"मग आज काम फार आहे वाटतं," तो म्हणाला, आणि माझी पावलं चुकली.

चाचणीत मी एका फेरीनं कमी पडले. कुंपणापाशी कुणीतरी मोठ्यानं हसलं. ते हसू माझ्याबरोबर घरापर्यंत आलं. संध्याकाळी मी त्याला सांगितलं, "बास झालं. लोक म्हणतात तेच खरं असेल."

त्यानं समजूत घातली नाही. एवढंच म्हणाला, "उद्या सहाला मी येतोय. एकट्यानं धावायचा मला भयंकर कंटाळा येतो."

मी गेले. सात आठवडे गेले. दुसऱ्या चाचणीत शेवटची फेरी संपली तेव्हा माझ्या मागे तिघे पुरुष पंच होते.

तोवर त्याच्या संघाच्या नव्या गोलरक्षकाचं बोट मोडलं, म्हणून त्यालाही परत बोलावलं होतं. आणि मला चिटणीसांनी बोलावलं. "उपांत्य सामना तुम्हाला देतोय. आजवर एकाही बाईला दिलेला नाही."

सामना त्याच्याच संघाचा होता. पुढ्यात छापील अर्ज आला, त्यात एक रकाना होता : कोणत्याही खेळाडूशी नातं आहे काय? तो अजून काही बोलला नव्हता, मीही नाही. 'नाही' लिहिलं असतं तरी चाललं असतं. मी त्याचं नाव लिहिलं आणि पुढे 'आहे' लिहिलं.

चिटणीस चष्म्यावरून बघत राहिले. "हे कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं असतं."

"काय नातं?"

"ते... त्याला विचारून सांगते."

त्यांनी तो सामना माझ्या नावावरून खोडला. मग जरा वेळानं दुसऱ्या उपांत्य सामन्यापुढे माझं नाव लिहिलं. "रविवारी. वेळेवर या."

तो फाटकाशी बुटांची नाडी बांधत बसला होता. मी अर्जाची प्रत त्याच्यापुढे धरली. त्यानं ती वाचली, पुन्हा वाचली. कान लाल झाले त्याचे.

"यात नात्याचं नाव लिहिलेलं नाही," तो हळूच म्हणाला.

"जागा सोडलीय."

तो उठून उभा राहिला. एक नाडी तशीच सुटलेली.

"पेन आहे तुझ्याकडे?"