ॲन आर्बरच्या घरातली उबदार फट

ही गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरातली आहे. ऐकीव नाही. शेवटचं जे सांगणार आहे, ते तर मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मागच्या जानेवारीतला शनिवार. ॲन आर्बर, मिशिगन. दुपार असूनही बाहेर सगळं गोठलेलं.

आसावरीताई आणि यतीन जिजूंनी तिथे एक खूप जुनं लाकडी घर घेतलं होतं. रिनोव्हेशन चालू होतं. जमिनीच्या कडेकडेने इतका गार वारा यायचा की पाय बधिर व्हायचे. म्हणून दोघं बेसमेंटमध्ये उतरले. वरची जमीन जिथे भिंतीवर टेकते, तिथल्या सगळ्या फटींमध्ये फवारला की फुगून घट्ट होणारा फोम मारायचा होता.

आधी ताई उदबत्ती घेऊन फिरली. धूर हलला की तिथे खडूने खूण करायची.

सगळीकडून गार वारा.

कोपऱ्यातल्या एका फटीतून मात्र... गरम.

"हीटरचा पाइप असेल," ताई म्हणाली.

"इथे पाइपच नाहीये यार," जिजू म्हणाले.

तिने उदबत्ती तिथेच धरून ठेवली.

धूर आत ओढला गेला. थांबला. मग हळूच बाहेर आला...

पुन्हा आत. पुन्हा बाहेर.

ताईने उदबत्ती विझवली. जिजूंनी सगळ्या फटी फोमने भरल्या. तीसुद्धा.

संध्याकाळी जेवताना जिजूंनी चमचा खाली ठेवला.

"श्वास पुरत नाहीये."

ताईने त्यांना इमर्जन्सीत नेलं. तिथे पोचेपर्यंत ते एकदम ठीक. डॉक्टर म्हणाले, फोमचा वास बाधला असेल, थोडे दिवस बाहेर राहा. ते हॉटेलात राहिले. काही त्रास नाही.

घरी परतले तेव्हा वास पार गेला होता.

तरी जिजू आत आले... आणि जिन्यावर बसले. ओठ निळे.

ताई किचनमधली सुरी घेऊन खाली धावली. कोपऱ्यातला फोम कापून ओढून काढला.

आतल्या बाजूने तो ओला होता.

गरम हवा भस्सकन तिच्या तोंडावर आली. त्याच क्षणी वर जिजूंनी मोठा श्वास घेतला. तिला खाली ऐकू आला.

ती फट आता उघडीच असते.

परवा मी फोनवर म्हटलं, "ताई, हा तुझ्या मनाचा खेळ असेल."

ती खाली गेली. फोन फटीपाशी धरला.

श्वास. आत... बाहेर...

तेवढ्यात वरून जिजूंच्या खोकल्याचा आवाज आला.

फटीतला श्वास थांबला.

मग तिथेही कुणीतरी खोकलं.

"ऐकलंस, हिमानी?" ताई म्हणाली. "रोज असंच."

उन्हाळ्यात राहायला ये म्हणते. मी अजून तिकीट काढलेलं नाही.