आक्कांचं अर्धं ताट

आक्कांनी ताट सरकवलं, आणि भरल्या खानावळीत एकदम शांतता पसरली!

ताटात अर्धी भाकरी तशीच होती, सुक्क्या मटणाला दोन घासांपलीकडे हात लागला नव्हता, पांढरा रस्सा वाटीत गार होत होता... आणि स्वयंपाकघराच्या दारात धाकटी जाऊ वर्षाराणी डोळ्यांत प्राण आणून उभी होती. आज पहिल्यांदाच सगळा स्वयंपाक तिनं एकटीनं केला होता.

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या त्या खानावळीला सासूबाईंनी एक रिवाज घालून दिला होता. दुपारी बाराला शटर वर गेलं की गिऱ्हाइकांच्या आधी घरच्या बाईनं बाहेरच्या खोलीतल्या बाकावर बसायचं आणि पहिलं ताट सगळ्यांदेखत चाटूनपुसून संपवायचं. घरची बाई जे खाते तेच पावण्यांना मिळतं, याची ती ग्वाही! सासूबाईंच्या मागं तो मान विधवा थोरल्या सुनेकडे, आक्कांकडे आला. वीस वर्षांत आक्कांच्या ताटात कधी शीत उरलं नव्हतं, आणि उरलं ते नेमकं आजच!

"आक्का, मीठ कमी पडलं का?" वर्षाराणीनं विचारलं.

"न्हाय गं."

"मग तिखट जास्त झालं?"

"चांगलं झालंय की. भूक न्हाय मला."

कोपऱ्यातलं एक जुनं गिऱ्हाईक शेजारच्याला म्हणालं, "घ्या पावणं! आक्कास्नीच उतरंना, आमी काय खायाचं?" दोघं-चौघं हसले. वर्षाराणीचा चेहरा कसनुसा झाला, आणि ती पदर तोंडाला लावून आत गेली. उठून तिच्या पाठीवरून हात फिरवावा, सगळं सांगून टाकावं असं आक्कांना फार वाटलं... पण त्या बाकावरच बसून राहिल्या.

कारण आठच दिवसांपूर्वी त्यांची सोनोग्राफी झाली होती. चार घासांत पोट गच्च व्हायचं, उजव्या कुशीत जड वाटायचं, म्हणून लेक क्रांती त्यांना ओढत डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले, "यकृतात गाठ आहे, सोललेल्या नारळाएवढी. पण घाबरू नका. रक्तवाहिन्यांचा गुंता आहे हा. कर्करोग नाही, पुढं होणारही नाही. सध्या नुसतं लक्ष ठेवायचं. पोटाला मार लागू देऊ नका, आणि सहा महिन्यांनी परत या."

साधीच गाठ. मग सांगायला काय हरकत होती? अहो, हरकत होती ना! वर्षाराणीला लग्नानंतर नऊ वर्षांनी पुन्हा दिवस गेले होते, आणि आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. तिच्या आईला यकृताच्याच, पण कर्करोगाच्या गाठीनं नेलं होतं, तीही अशीच चार घास खाऊन ताट सरकवायची. 'गाठ' हा शब्द कानावर पडला तर ही पोर खचेल, पोटातल्या जिवाला धक्का बसेल, या धास्तीनं आक्कांनी क्रांतीला गळ्याची शपथ घातली. बाळंतपण सुखरूप होऊ दे, मग सांगू! पहिल्या ताटाचा मान दुसऱ्या कुणाला द्यावा, तर कारण सांगावं लागणार. म्हणून आजवर त्यांनी कसंबसं रेटून ताट संपवलं होतं, आज ते जमलं नाही. त्यानंतरही त्या रोज बाकावर बसत, रेटून खात, मागच्या मोरीत जाऊन ओकत... आणि तरी ताट अर्धंच राही.

तिसऱ्या आठवड्यात वर्षाराणीचा बांध फुटला.

"नऊ वर्षं तुमच्या हाताखाली मसाला वाटला मी! माझ्या हातचं नको असंल तर तोंडानं सांगा की! रोज चारचौघांत माझी शोभा कशाला करताय?"

"वैनी, काय असंल ते एकदा बोला तरी," दीर कृष्णात काकुळतीला आला होता.

आक्का खाली मान घालून भाकरीचं पीठ मळत राहिल्या. एक शब्द... फक्त एक शब्द बोलायला हवा होता! आठ दिवसांत ती दोघं नवराबायको बोचकी बांधून जयसिंगपूरला, वर्षाराणीच्या माहेरी गेली आणि तिथंच त्यांनी वेगळी खानावळ काढली. वर्षाराणीला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं शेजारणीला आलं, आक्कांना आलं नाही. त्या दिवशी त्यांनी पोरीच्या नावानं देवीची ओटी भरली, आणि घरी येऊन नेहमीसारखा रस्सा फोडणीला टाकला. सांगायची वेळ आता टळून गेली, असं त्यांनी मनाशी धरलं.

त्या अर्ध्या ताटाला दीड वर्ष झालं. गाठ वाढली, आता ती जठरावर दाब देत होती. आक्कांची हाडं दिसू लागली, कुशीवर निजणं मुश्कील झालं. डॉक्टरांनी या वेळी दोघी मायलेकींना समोर बसवून नीट समजावलं. आहे तसं राहू द्यायचं, तर खाणं असंच कमी होत जाईल. जांघेतून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करता येतो. त्यानं कधी ती आक्रसते, कधी नाही. आणि ऑपरेशन करून गाठ काढली तर त्रास मुळापासून जाईल, पण रक्तस्रावाची जोखीम आहे.

"तुमचं वय अजून पन्नासच्या आत आहे," डॉक्टर म्हणाले. "मी ऑपरेशन सुचवीन. पण निर्णय तुमचा."

"राहू दे हाय तसं," आक्का म्हणाल्या.

घरी येताच क्रांती चिडली. "आई, अर्धपोटी किती दिस काढणार तू? भीती वाटती का?"

"मरायची न्हाय वाटत गं... पर टेबलावर काय झालं, तर वर्षाला सगळं कळंल. मग तिला ते अर्धं ताट जलमभर डोळ्यापुढनं हालणार न्हाय. तिच्या जिवाला घोर कशाला?"

क्रांती दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाते म्हणून निघाली, ती थेट जयसिंगपूरच्या एसटीत बसली. आईच्या गळ्याची शपथ तिनं मोडली!

त्याच दुपारी, गिऱ्हाइकं पांगल्यावर, आक्का मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. दारात सावली पडली म्हणून त्यांनी वर पाहिलं. कडेवर पोर घेऊन वर्षाराणी उभी होती, मागं क्रांती. वर्षाराणीचे डोळे रडून सुजले होते.

"वर्षा..."

"बोलू नका! दीड वर्ष गप बसला, आता कशाला बोलताय?"

"पोटुशी हुतीस गं... तुझी आई तसल्याच दुखण्यानं गेलेली... मला वाटलं, तुला सोसायचं न्हाय..."

"तुमाला वाटलं!" वर्षाराणी कडाडली. "मला काय सोसंल ते तुमीच ठरवलं व्हय? आईचं हागणंमुतणं ह्याच हातांनी काढलं मी! तुमचं केलं नसतं? साधी गाठ हाय, एवढं सांगितलं असतं तर चार दिस रडले असते आणि पदर खोचून उभी राहिले असते. त्याच्या बदल्यात काय दिलं तुमी मला? कळा सुटल्या तवा 'आक्का, आक्का' म्हणून वरडत हुते मी... आणि तुमास्नी बोलवायचं न्हाय म्हणून मीच सगळ्यास्नी बजावून ठेवलेलं!"

तिला हुंदका आवरेना. आक्कांच्या मनात आलं, ज्याला आपण त्याग समजून उराशी जपलं, तो या पोरीवरचा अविश्वास होता का? ती खचेल असं आपणच ठरवून टाकलं, आणि वाचवता वाचवता तिला एकटं पाडलं... अरेरे! केवढी ही चूक!

"चुकले गं माझे बाई..." त्यांनी हात जोडले.

वर्षाराणीनं ते हात खाली ओढले. "आणि मी? तुमचं अंग उतरत चाललेलं मला दिसत न्हवतं? दिसत हुतं की! नऊ वर्षं तुमच्याशेजारी वावरले, पर रागाच्या भरात एकदा जवळ येऊन विचारलं न्हाय. असली कसली जाऊ मी?"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून कितीतरी वेळ रडल्या. मग वर्षाराणीनं लेकीला आक्कांच्या मांडीवर ठेवलं. सव्वा वर्षाची सई... आक्कांनी अधीर हातांनी तिला जवळ घेतलं, आणि पोरीनं त्यांच्याकडे एकदा पाहून भोकाड पसरलं! ज्या जिवासाठी त्यांनी ओठ शिवून घेतले, त्या जिवाला आक्का परक्या होत्या. सई आईकडे हात पसरून आकांत करत होती. आक्कांनी ओल्या डोळ्यांनी तिला परत द्यायला उचललं.

वर्षाराणीनं हात पुढं केले नाहीत.

"रडू दे. तिची वळख न्हाय तुमच्याशी. मी काय करून देणार न्हाय, तुमची तुमी करून घ्या. दिस लागतील त्याला. तेवढं तरी जगा की!"

"टेबलावर काय बरंवाईट झालं तर, वर्षा?"

"झालं तर झालं. पर मी भाईर बसलेली असंन, आणि आपलं भांडण मिटलेलं असंल."

सई रडतच होती, लाथा झाडत होती. तिचा पाय पोटाला लागू नये म्हणून आक्कांनी तिला हळूच डाव्या अंगाला घेतलं आणि थोपटू लागल्या. मग क्रांतीकडे न बघताच म्हणाल्या, "डॉक्टरास्नी फोन लाव गं. ऑपरेशनची तारीख इचार."