सोळा गाभे, एक ओटा

नवा प्रोसेसर बसवला आणि संगणक आधीपेक्षा हळू चालायला लागला. ऋजुताला हे पटेचना.

तिची मेधाआत्या जुन्नरच्या बाजूला बिबट्यांचा अभ्यास करायची. उसाच्या शेतांत खांबाखांबावर कॅमेरे होते. त्यांनी टिपलेल्या छायाचित्रांतले ठिपके तपासून संगणक एकेक बिबट्या ओळखायचा.

त्या सकाळी ऊसतोड चालू असताना एक पिल्लू सापडलं होतं, ते पेटाऱ्यात घालून आत्याकडे आणलं होतं. शेत मोकळं झालं होतं आणि त्याची आई कुठल्या बाजूला गेली, ते कळत नव्हतं. आधीच्या एका छायाचित्रात ती या पिल्लासोबत दिसली होती; दुपार कलली तरी संगणक तिचे ठिपके नव्या छायाचित्रांत शोधतच होता. पेटाऱ्यातलं पिल्लू ओरडून ओरडून थकलं होतं.

“आत्या, जुनाच प्रोसेसर परत लावूया का?”

“थांब. आधी हा काय करतोय ते बघू.” आत्याने पडद्यावर प्रोसेसरच्या कामाचा आलेख उघडला.

“हा तर नुसता बसून आहे!” ऋजुता म्हणाली. “आणि डिस्कचा दिवा का विझत नाहीये?”

“जुन्या प्रोसेसरला चार गाभे (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) होते. याला सोळा आहेत. प्रत्येक गाभा आपापलं छायाचित्र उघडतो. ते ठेवतो कुठे?”

“रॅममध्ये?”

“हो, रॅममध्ये (चालू काम हाताशी ठेवणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीत). ती आपण वाढवलीच नाही. ती भरली की संगणक काही माहिती डिस्कवर (कायमच्या साठ्यावर) नेऊन ठेवतो आणि लागली की परत आणतो. डिस्क रॅमपेक्षा खूप संथ. तोवर गाभे वाट बघत बसतात.”

ऋजुता विचारात पडली. “म्हणजे ओटा चार-सहा जणींपुरता आणि स्वयंपाकाला सोळा जणी! अर्धी भांडी माळ्यावर, आणि सगळा वेळ शिडी चढण्या-उतरण्यात.”

“अगदी तसंच. जास्तीची रॅम उद्या येईल.”

“उद्या?” ऋजुताने पेटाऱ्याकडे पाहिलं. पिल्लाचा आवाज पार बसला होता. “मग आज ओट्यावर मावतील तेवढ्याच जणी कामाला लावू.”

“दहा गाभे रिकामे ठेवायचे?”

“रिकामे तर ते आत्ताही आहेत ना!”

आत्या हसली. तिने सहाच गाभे चालू ठेवले. डिस्कचा दिवा विझला. आलेख वर चढला आणि छायाचित्रं भराभर सरकू लागली. थोड्याच वेळात कालव्याकाठच्या उभ्या उसात शिरणारी मादी पडद्यावर दिसली. तेच ठिपके!

पिल्लाला माणसांचा वास लागू नये म्हणून भिंगरी नावाची दुरून चालवायची यंत्रगाडी पेटारा घेऊन निघाली. बांधावर पोहोचून तिने झाकण उघडलं आणि ती मागे सरली. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. सूर्य मावळता मावळता ऊस हलला. मादी बाहेर आली, तिने पिल्लाला हुंगलं आणि मानेला अलगद धरून उचललं. ऋजुताने आत्याचा हात घट्ट पकडला.

दुसऱ्या दिवशी रॅम बसली आणि सोळाही गाभे कामाला लागले.

“आत्या, आता बिबट्या वस्तीकडे वळताच तिथल्या शाळेला कळवता येईल?”

“येईल की. पण त्यासाठी रॅममध्ये किती जागा लागेल, ते या वेळी आधी मोजू,” आत्या म्हणाली आणि तिने ऋजुतासाठी शेजारी खुर्ची ओढली.