तीन ठोक्यांचं उत्तर

शपथेवर सांगतो, यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. म्हणजे, एक गोष्ट आहे. पण ती कुठली हे शेवटी कबूल करीन. मोबाइल खिशात घाला आणि जरा जवळ सरका.

माझ्या ओळखीतले दोघे भाऊ, लिफ्ट दुरुस्त करणारे. सगळे त्यांना थोरला आणि धाकटा एवढंच म्हणत. थोरला लिफ्टच्या टपावर चढायचा, धाकटा मजल्यावरून बटणं सांभाळायचा. मधे भिंत, हाक पोचत नाही. म्हणून पान्याने लोखंडावर ठोकायचं. तीन ठोके म्हणजे ‘जाऊ का?’ उत्तरात एक म्हणजे ‘थांब’, दोन म्हणजे ‘वाट मोकळी, जा’. उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही, हा थोरल्याचा नियम. एकदा धाकटा सासरच्या फोनवर रमला, तर हा पठ्ठ्या दीड तास टपावर तसाच उभा. उतरल्यावर एवढंच विचारलं, “सासूबाई बऱ्या आहेत ना?”

साथीच्या त्या वर्षी, मार्चमध्ये, परदेशातल्या एका हॉटेलचं काम दोघांना मिळालं. निघायच्या दिवशी नेमकी थोरल्याला कणकण आली. तू हो पुढे, मी परवा पोचतोच, म्हणून त्याने धाकट्याला एकट्याला धाडलं.

परवा उजाडला तो विमानं बंद करूनच. धाकटा रोज बॅग उचलून विमानतळावर जायचा, रोज तीच बॅग घेऊन परत यायचा. पाहुणे पांगले. उरले हा आणि एक गलेलठ्ठ मॅनेजर. त्याने किल्ल्यांचा अख्खा जुडगा याच्या हवाली केला. साठ खोल्या, हव्या त्या गादीवर तळमळावं. घरून वहिनीचे फोन यायचे. थोरला दवाखान्यात, नाकातोंडात नळ्या, आत कुणाला सोडत नाहीत. तीसुद्धा फाटकाबाहेर बाकावर बसून. धाकट्याने करावं तरी काय? ऐकत राहायचं.

मार्चचा शेवटचा शुक्रवार. रात्री दोन वाजून दहा मिनिटं. चौथ्या मजल्यावर, लिफ्टसमोरच्या खोलीत तो जागाच होता. लिफ्ट तळाला होती. मेन स्विच बंद, फ्यूज काढून याच्या खिशात.

टण. टण. टण.

आधी वाटलं, पाइप वाजतोय. मग पुन्हा तीन. लिफ्टच्या दारामागून. तो अनवाणी बाहेर आला. पाना हातात कधी घेतला, त्यालाच कळलं नाही. दाराच्या चौकटीवर त्याने एकदाच ठोकलं.

थांब.

शांतता...

पाव तासाने पुन्हा तीन. या वेळी हळू. याने पुन्हा एकच ठोका दिला. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि फोन वाजला. वहिनी होती.

“भावजी, डॉक्टर म्हणाले, आता काही उरलं नाही. पण कशासाठी तग धरलाय, तेच त्यांना कळत नाही.”

“वहिनी, मी येतोय.”

“कसे येणार हो?”

फोन कट झाला.

दारामागे पुन्हा तीन ठोके. इतके बारीक, की कान लावावा लागला. दोन ठोक्यांच्या मधे काहीतरी घासत होतं. श्वासासारखं.

धाकटा उठला. पाना वर उचलला. घामाने पाना निसटला. चौकटीवर आपटला, उसळला, पुन्हा आपटला.

टण. टण.

दोन.

“दादा, नाही...”

तारा कुरकुरल्या. खालून काहीतरी निघालं. दुसरा मजला. तिसरा. दाराच्या फटीतून वारा आला. चौथा ओलांडला... पाचवा... सहावा. इमारत सहाच मजल्यांची. आवाज तरी वर जातच होता.

पुन्हा फोन वाजला. याने उचलला नाही.

सकाळी मॅनेजरला घेऊन त्याने पहिल्या मजल्याचं दार उघडलं. लिफ्ट जिथे ठेवली होती तिथेच, तळाला. वरून टॉर्च मारला. टपावर वर्षानुवर्षांची धूळ. त्या धुळीत दोन अनवाणी पावलं उमटलेली. आल्याची खूण नाही, गेल्याची नाही. नुसती उभी. मॅनेजरनेही पाहिली, आणि त्याच संध्याकाळी तो हॉटेल सोडून गेला.

आता कबुली. पावलं खरी, ठोके खरे, फ्यूजही खरा.

घामाने पाना निसटला, तेवढं मी घातलं.